अल्सिदने उतरवलेला गंधार

मित्रांनो, मी एक जुना, दहा बटणांचा अकॉर्डियन आहे. हार्मोनियम नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मोजत बसायची मला खोड आहे. सिंगापुरातल्या सहा वर्षांत मला हार्मोनियम म्हणणारे एकेचाळीस जण झाले. ‘यावर हिंदी गाणं वाजतं का’ असं विचारणारे सदतीस. आणि ‘हा आला कुठून’ असं विचारणारे फक्त दोन. एक नऊ वर्षांची मुलगी होती, दुसरे तिचे आजोबा. बाकीच्यांनी चहा घेतला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि ते शेवटची एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायला निघून गेले.

माझा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेला, लुइझियाना नावाच्या राज्यात झाला. सपाट, पाणथळ मुलूख. भाताची खाचरं, आणि भात निघालं की त्याच पाण्यात लाल कवचाचे झिंगे धरायचे. तिथे कित्येक पिढ्यांपासून फ्रेंच बोलणारी माणसं राहतात. त्यांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांना केजन म्हणतात. त्यांच्या शेजारी, तीच भाषा बोलत, तोच भात खात राहणाऱ्या काळ्यासावळ्या लोकांना क्रेओल म्हणतात. दोघांची गाणी इतकी सारखी, की कुणी कुणाकडून उचलली ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आत यायचे दरवाजे मात्र वेगवेगळे होते.

मला अल्सिद नावाच्या केजन माणसाने बनवलं. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. शाळेत फ्रेंच बोलला म्हणून त्याने लहानपणी छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे मोठेपणी तो इंग्रजी बोलायचा आणि शिव्या तेवढ्या फ्रेंचमध्ये द्यायचा. माझी पेटी मेपलच्या लाकडाची. भाता पुठ्ठ्याचा, कोपऱ्यांना चामडं. आतल्या सूर काढणाऱ्या पोलादी पट्ट्या एका मोडक्या जर्मन अकॉर्डियनमधून काढून मेणाने बसवलेल्या. एवढं सगळं त्याने तीन आठवड्यांत उरकलं. त्यानंतर सूर लावायला त्याला चार महिने लागले.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण माझं सगळं दुःख याच जागी आहे. सा रे ग मधला जो ग, म्हणजे गंधार, तो अल्सिदने कानशीने घासून जरासा खाली उतरवला. जरासा म्हणजे किती, ते त्याच्या कानाला माहीत. त्याने कागदावर काही लिहून ठेवलं नाही. घासायचं, बसवायचं, वाजवायचं, मान हलवायची, परत काढायचं. एका संध्याकाळी त्याने तीन बटणं एकदम दाबली आणि ते तीन सूर भातात वरण मुरावं तसे एकमेकांत मुरले. मग त्याने कानस खिशात ठेवली.

शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी नाच असायचा. घरातलं सामान उचलून बाहेर ओसरीवर ठेवायचं, मोठ्या पातेल्यात रस्सा शिजत घालायचा, लहान मुलांना आतल्या खोलीत ओळीने झोपवायचं, आणि मग मी. मधे दम खायला थांबलं की म्हातारी माणसं गोष्टी सांगायची. लबाड सशाच्या, भुताळी दिव्यांच्या, आणि शेजाऱ्यांच्या. शेजाऱ्यांच्या गोष्टीला सगळ्यात जास्त गर्दी व्हायची.

अल्सिदकडे एक गाणं होतं, संथ चालीचं. त्याला तो पायरीचं गाणं म्हणायचा. ते त्याने ओनेझिम नावाच्या क्रेओल वादकाकडून घेतलं होतं. ओनेझिम गोऱ्यांच्या घरी नाचाला वाजवायचा. आत वाजवायचा, पण यायचा मागच्या दाराने, आणि जेवायला त्याला मागच्या पायरीवर ताट मिळायचं. लहानगा अल्सिद त्याच्याशेजारी पायरीवर जाऊन बसायचा. तिथेच, ताट बाजूला सरकवून, ओनेझिमने त्याला ते गाणं शिकवलं. अल्सिद म्हणायचा, “त्याने मला गाणं दिलं. मी त्याला आतली खुर्ची दिली नाही. मी लहान होतो, पण इतकाही लहान नव्हतो.”

हे गाणं देण्याची एक रीत होती. शिकणाऱ्याने ते देणाऱ्यासमोर पुरतं वाजवून दाखवायचं. मग देणाऱ्याने सांगायचं की ते कुणाकडून आलं, पायरीची गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायचं, ‘आता हे तुझं.’ हे शब्द मिळेपर्यंत घरी हवी तेवढी तालीम करावी, पण दुसऱ्याच्या घरी वाजवू नये. टेपवर घ्यायला त्याची मनाई होती. टेपवर घेतलं की लोक ती कपाटात ठेवतात आणि आपल्याला येतं असं समजतात, असं त्याचं म्हणणं.

अल्सिदची मुलं शहरांत गेली. नाच बंद पडले. सतरा वर्षं मी कपाटात, हिवाळ्याच्या कोटांखाली काढली. त्या काळात मला फक्त चार वेळा उघडलं गेलं, त्यातली दोन वेळा उंदीर शोधायला.

मग प्रमोद आला. मूळचा औरंगाबादचा, समुद्रातल्या तेलविहिरींचा इंजिनियर. नोकरीमुळे त्या भागात आला आणि अल्सिदच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला. त्याचे वडील दादाराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि भीमजयंतीला गायन पार्टीत पेटीवर बसायचे, त्यामुळे भात्याचा आवाज आला की प्रमोदचे पाय आपोआप थांबत. एकदा तो दारात थांबला. अल्सिदने मला कपाटातून काढलं. पुढची तीन वर्षं मी परत कामावर होतो. प्रमोदला ते गाणं अर्धंच आलं. बदली सिंगापूरला झाली तेव्हा अल्सिदने मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “तुझी बोटं जाड आहेत. तुला मुलगी आहे ना? तिला शिकू दे.”

सिंगापुरात आमचं घर जुरोंग ईस्टला, अकराव्या मजल्यावर. हवेतच इतकं पाणी, की माझं मेण सुटेल म्हणून प्रमोदने मला ओल शोषणाऱ्या काचेच्या कपाटात ठेवलं. तिथे आधीपासून त्याचे तीन कॅमेरे राहत होते. गर्विष्ठ मंडळी. वर्षातून एकदा सहलीला जायची आणि उरलेलं वर्षभर त्याचीच आठवण काढायची.

प्रमोदची मुलगी इरा मला दर रविवारी सकाळी आठला बाहेर काढायची. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. लॅपटॉपच्या पडद्यावर अल्सिद, इकडे चटईवर मांडी घालून इरा. ती त्याला नोंक म्हणायची, त्यांच्याकडे काकाला तसं म्हणतात. तो वाजवून दाखवू शकत नव्हता, त्याची बोटं आखडली होती. तो तोंडाने गुणगुणायचा आणि ती उचलायची. चुकली की तो म्हणायचा, “ट्रॅक्टर चढावर अडकला. परत.” ती वाक्याला सिंगापुरी ‘ला’ जोडून म्हणायची, “नोंक, तुमचं नेट अडकलं, मी नाही ला.” असं चार वर्षं चाललं. शाळेत ती मराठीत एक वाक्य बोलत नव्हती, घरी राणी, म्हणजे तिची आई, मराठीत विचारायची आणि ही इंग्रजीत उत्तर द्यायची. पण एका परक्या म्हाताऱ्याची फ्रेंच गाणी तिला पाठ होती. राणी म्हणायची, “मला कुणी पडद्यातून ओरडलं असतं तर मीही शिकले असते.”

दोन हजार चौदाच्या डिसेंबरात दादाराव तीस दिवसांच्या पाहुण्याच्या पासावर आले. प्रमोदला हौस आली. त्याने केजन पद्धतीने घरात नाच ठेवला. सोफा, खुर्च्या, टीपॉय, सगळं बाहेर कॉरिडॉरमध्ये. शेजारच्या चिनी आँटीने दार उघडून विचारलं, “शिफ्टिंग हाऊस आह?” आणि पंधरा मिनिटं कॉरिडॉर मोकळा ठेवण्याचे नियम ऐकवून मग स्वतःच त्या सोफ्यावर बसली.

त्या दिवशी इराने दोन छोटी गाणी वाजवली. दादाराव भिंतीला टेकून ऐकत होते. मग ते पुढे सरकले आणि म्हणाले, “इरा, ते मधलं बटण परत दाब बरं.” तिने दाबलं. त्यांनी डोळे मिटले.

“हा गंधार कुणी लावला?”

“नोंकने.”

“तंबोरा नीट जुळला की त्यातून असा ग आपोआप ऐकू येतो. माझ्या पेटीत तो कधी नव्हता. चाळीस वर्षं मी पेटीसाठी गळा वर ओढत आलो.” मग प्रमोदकडे बघून म्हणाले, “हे यंत्र कुठून आणलंस रे? याला जपा.”

पडद्यावर अल्सिद होताच. त्याने पायरीची गोष्ट सांगितली, प्रमोदने मराठी करून दिली.  मग दादाराव म्हणाले की त्यांचे वडील वरातीत हलगी वाजवायचे. वरात मांडवाशी पोचली की त्यांनी बाहेर थांबायचं, आणि जेवण गोठ्यामागे. “सांग त्याला,” ते म्हणाले. प्रमोदला पाहुण्यांसमोर ते जड गेलं. तो म्हणाला, जाऊ द्या बाबा, नंतर सांगतो. इराने सांगितलं, इंग्रजीत, सरळ.  मग अल्सिदने विचारलं, तुमच्या वडिलांचं नाव काय. दादाराव म्हणाले, सटवाजी. अल्सिदने ते नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

त्या खोलीत अठरा माणसं होती. रडलेली मी मोजली नाहीत. काही मोजदाद माणसाने सोडून द्यावी, तशी मीही सोडली.

पुढचं वर्ष वाईट गेलं. तेलाचे भाव पडले, जहाजांच्या यार्डांत कामं थांबली. प्रमोदच्या ऑफिसातून दर महिन्याला कुणाचा तरी निरोप समारंभ व्हायचा. तो घरी आला की तास तासभर नुसता नळाची गळती, दाराचं कुरकुरणं, असलं काहीतरी नीट करत बसायचा. तिकडे अल्सिदची नजर गेली आणि मुलांनी त्याला वृद्धांच्या निवासात ठेवलं. त्याचा पंचाऐंशीवा वाढदिवस ऑक्टोबरात होता. तो इराला म्हणाला, “त्या दिवशी पायरीचं गाणं पुरतं वाजव. मी ते तुला देऊन टाकतो. माझ्याकडे आता ठेवायला कपाटसुद्धा नाही.”

ते गाणं त्याच्याशिवाय कुणालाच पुरतं येत नव्हतं. इराला हे माहीत होतं. ती महिनाभर रोज वाजवत होती, शाळेच्या परीक्षा चालू असताना. राणीने एकदा पुस्तक दाखवून डोळे वटारले, दुसऱ्यांदा नुसतं पुस्तक दाखवलं, तिसऱ्यांदा दार लोटून घेतलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, इरा शाळेच्या कुठल्या स्पर्धेला गेली होती. तेव्हा सुबोध आला. सुबोध हा प्रमोदचा मित्र, मरीन परेडला राहणारा. चांगी बिझनेस पार्कमध्ये तो सॉफ्टवेअर तपासायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच त्याचं काम. मनाने फार चांगला. ओळखीच्या मंडळींच्या निम्म्या मिक्सरांना त्याचा हात लागलेला. प्रमोदने त्यालाच बोलावलं होतं, की उद्याच्या आधी एकदा बघ, कुठे मेण सुटलंय का.

मेण ठीक होतं. पण सुबोधने फोनवर सूर मोजायचं अॅप उघडलं आणि माझं एकेक बटण दाबून पाहिलं. सा दाबला, हिरवा दिवा. रे, हिरवा. ग दाबला, काटा डावीकडे पडला आणि दिवा लाल.

“चौदा घरांनी कमी आहे,” सुबोध म्हणाला. “वरच्या सप्तकातला पण. जुनं झालंय रे, उतरलंय.”

“होईल नीट?”

“अर्ध्या तासाचं काम. पट्टीचं टोक घासलं की चढतो. व्हिडिओ आहे.”

राणी स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबांना एकदा फोन करून विचारा. ते त्या ग बद्दल काहीतरी म्हणाले होते.”

प्रमोद म्हणाला, “बाबांना काय विचारायचं? आकडा समोर दिसतोय.”

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याने भाता ओढल्याशिवाय उघडत नाही. अल्सिदने चार महिन्यांत जे उतरवलं होतं ते सुबोधने चाळीस मिनिटांत चढवलं. काम अगदी सफाईने केलं. शेवटी सगळे दिवे हिरवे लागले तेव्हा प्रमोदने त्याच्या पाठीवर थाप मारली. कित्येक महिन्यांनी तो असा हसला होता. त्याच्या आयुष्यात त्या वर्षी बरोबर आलेली ती एकच गोष्ट होती, म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

इराला संध्याकाळी वाजवून पाहताना काहीतरी खटकलं. तिने दोनदा भाता तपासला. मग वाटलं असेल, आपल्यालाच उद्याची भीती वाटतेय. मुलं आधी स्वतःलाच दोष देतात.

रविवारी सकाळी आठ वाजता तिने फ्रॉकऐवजी कुर्ता घातला आणि चटईवर बसली. पडद्यावर अल्सिद, गळ्यात कागदी माळ, मागे एक नर्स. इराने गाणं सुरू केलं आणि पुरतं वाजवलं. एकही बोट चुकलं नाही. माझाही एक सूर अडकला नाही.

अल्सिद मान एका बाजूला कलवून ऐकत होता. संपल्यावर तो म्हणाला,

“छान वाजवलंस, पोरी. ही कुणाची पेटी?”

“तुमचीच, नोंक.”

“नाही. माझी मला कळते. माझी कुठाय?”

इराने वळून वडिलांकडे पाहिलं. प्रमोद पुढे आला आणि म्हणाला, की तुमच्या वाढदिवसासाठी आम्ही ती ट्यून करून घेतली. सूर उतरले होते.

अल्सिदने विचारलं, “मी चुकीची लावली होती, असं वाटलं तुम्हाला?”

 नर्सने केक कापायचा का असं विचारलं. अल्सिद म्हणाला की त्याला गाणं जरा आठवू दे, त्याच्या कानात आता गोंधळ झालाय, पुढच्या शनिवारी परत वाजव. मग जाताना तो इराला ‘थँक यू’ म्हणाला. चार वर्षांत तो तिला एकदाही थँक यू म्हणाला नव्हता. ते परक्यांना म्हणायचं असतं.

 इराने वडिलांना फक्त विचारलं, “व्हाय यू नेव्हर आस्क मी, पप्पा?”

त्या आठवड्यात सुबोध तीनदा आला. चांगीहून जुरोंगला, ऑफिस सुटल्यावर, दीड दीड तासाचा प्रवास. औरंगाबादहून दादाराव फोनवर. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला होता. इकडे सुबोध पट्टी मुळाशी घासून सूर खाली आणायचा, तिकडे दादाराव म्हणायचे, अजून थोडा, अजून, आता जास्त झालं बहुतेक. मग म्हणायचे, “पोरा, फोनमधून मला नुसती शिट्टी ऐकू येतेय.” आणि आला तरी तो तंबोऱ्याचा ग आला असता. अल्सिदचा त्याच्याही केसभर अलीकडे होता का पलीकडे, हे सांगणारा एकच कान होता. बुधवारी वरच्या सप्तकातली पट्टी घासून घासून पातळ झाली आणि पिचली. सुबोधने कानस खाली ठेवली. तो म्हणाला, “आमच्या कामात आधी विचारायचं असतं, हे असंच ठेवायचंय का म्हणून. रोज विचारतो मी ऑफिसात. इथेच राहिलं.”

गुरुवारी निवासातून मेसेज आला. अल्सिद झोपेतच गेला होता.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये प्रमोदलाही नोकरी संपल्याचं पत्र मिळालं. कामाचा पास रद्द, तीस दिवसांत निघायचं. शेवटच्या रविवारी घर रिकामं होतं, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन तेवढे उरले होते. सकाळी आठ वाजता इराने मला काढलं. लॅपटॉप खोक्यात गेलेला. तिने वडिलांना समोर बसवलं आणि पायरीचं गाणं पुरतं वाजवलं. पिचलेल्या पट्टीच्या जागी दर वेळी नुसती हवा आली. मग तिने गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. ओनेझिमची, ताटाची, पायरीची, सटवाजीची. आणि म्हणाली, “नाउ यू से, पप्पा.”

प्रमोदने तोंड उघडलं. ‘आता हे तुझं’, तीनच शब्द होते. 

“मला नाही म्हणता येणार, इरा,” तो म्हणाला. “ते माझ्याकडे कधी आलंच नाही.”

तिने मान हलवली, जणू तिला हे आधीच माहीत होतं, आणि माझा पट्टा बांधला.

मित्रांनो, मला सांभाळा असं मी म्हणणार नाही. मला सांभाळलंच होतं. काचेच्या कपाटात ठेवलं होतं, रोज पुसत होते. तुम्हाला एवढंच मागतो, की तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू, एखादी चाल, आजीचा एखादा वेडावाकडा शब्द तुम्हाला चुकीचा वाटला, तर तो नीट करायच्या आधी ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. तो माणूस अजून फोन उचलतोय तोवर विचारा. सांभाळणं सोपं असतं, विचारायला थोडं लहान व्हावं लागतं.

आत्ता मी खोक्यात आहे. सकाळी सामान न्यायला माणसं आली. राणीने प्रत्येकाला आपापल्या खोक्यांवर नाव लिहायला सांगितलं होतं. राणी, किचन. प्रमोद, फाइली. इरा, पुस्तकं. यादी करणारा तमिळ अंकल माझ्यापाशी थांबला आणि इराने मार्करने लिहिलेलं नाव त्याने अडखळत वाचलं.

“अल्सिद? हा कोण? तोही येतोय का तुमच्याबरोबर?”

“नो, अंकल,” इरा म्हणाली. “त्याचं आहे. मी फक्त नेतेय.”